सफरचंद लक्षात राहिलं, चंद्र विसरलो

१२ सप्टेंबर २०१९. दिल्लीत पत्रकारांशी बोलताना तेव्हाचे वाणिज्यमंत्री पीयूष गोयल अर्थव्यवस्थेच्या आकडेमोडीबद्दल म्हणाले, की या गणितात फार शिरू नका, गणितामुळे काही आइन्स्टाईनला गुरुत्वाकर्षण सापडलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत मोबाइल भरून गेले. रडणारा न्यूटन, सफरचंद हातात घेऊन हताश बसलेला न्यूटन. भरपूर हसलो आपण सगळे. पुढे गोयल यांनी नाव घेण्यात चूक झाल्याचं मान्य केलं आणि विषय संपला.

पण मंडळी, तो विषय तिथे संपायला नको होता. नाव चुकलं हे आठवीतल्या पोरालाही कळलं. वाक्यातली मोठी चूक मात्र पुढेच होती आणि माझ्याकडे आलेल्या बहुतेक विनोदांनी तिला हातही लावला नव्हता.

गंमत बघा. आइन्स्टाईनचा गुरुत्वाकर्षणाशी अगदी जवळचा संबंध आहे. १९०७ पासून तो याच प्रश्नाच्या मागे होता. १९१२ मध्ये झुरिकला आल्यावर त्याच्या लक्षात आलं, की आपल्याला लागणारं गणित आपल्याला येत नाही. मग त्याने कॉलेजातला जुना मित्र, गणितज्ञ मार्सेल ग्रोसमान याला गाठलं आणि वक्र अवकाशाची भूमिती शिकून घेतली. तीन वर्षं मांडलं, खोडलं, पुन्हा मांडलं. शेवटी २५ नोव्हेंबर १९१५ ला बर्लिनच्या अकादमीपुढे समीकरणं ठेवली. बुध ग्रहाच्या कक्षेत शंभर वर्षांत ४३ आर्कसेकंदांचा फरक पडत होता, म्हणजे एका अंशाचा साधारण चौऱ्याऐंशीवा भाग. न्यूटनच्या नियमाने तो सुटत नव्हता, आइन्स्टाईनच्या गणिताने सुटला.

म्हणजे ‘आइन्स्टाईन’ आणि ‘गुरुत्वाकर्षण’ हे शब्द एका वाक्यात यायला काहीच हरकत नव्हती. गणिताची मदत झाली नाही, हे मात्र साफ चूक. आणि तिथे न्यूटनचं नाव घातलं असतं तरी ते चूकच राहिलं असतं, कारण न्यूटनच्या मुख्य ग्रंथाच्या नावातच ‘गणिती तत्त्वं’ आहेत!

माझं म्हणणं एवढंच, की विज्ञानावरच्या विनोदाला आपण हसतो तेव्हा बरेचदा नाव ओळखल्याचा आनंद असतो. ‘हे मला माहीत आहे’ असं वाटतं. त्या नावामागचा प्रश्न मात्र विनोदात येईपर्यंत गळून गेलेला असतो. ही काही व्हॉट्सअ‍ॅपच्या पिढीची खोड नाही, तिला जुना इतिहास आहे. तीन उदाहरणं सांगतो आणि मग आपल्या गल्लीत येतो.

पहिलं अर्थातच सफरचंद.

न्यूटन नारळाखाली बसला असता तर? हा विनोद आपल्याकडे, त्यातून कोकणात, प्रत्येक पिढीने केलाय. त्याचा सगळा जोर ‘डोक्यात पडलं’ यावर. आता मूळ गोष्ट काय? विल्यम स्टकली नावाच्या न्यूटनच्या स्नेह्याने १५ एप्रिल १७२६ ला त्याच्याशी झालेलं बोलणं लिहून ठेवलंय. जेवण झालं होतं, दोघे बागेत सफरचंदाच्या झाडाखाली चहा पीत होते. न्यूटनने सांगितलं, की तरुणपणी असंच सफरचंद पडताना पाहून विचार सुरू झाला होता. डोक्यात पडल्याचा उल्लेख त्यात नाही. ते नंतर कोणीतरी पाडलं.

आणि विचार कसला? वस्तू खाली पडतात हे माणसाला न्यूटनच्या आधीही माहीत होतं. प्रश्न असा होता, की सफरचंदाला ओढणारी हीच ओढ वर चंद्रापर्यंत पोचते का?

हिशेब सोपा आहे, करून बघा. पृथ्वीच्या केंद्रापासून सफरचंद जितकं दूर, त्याच्या साठपट चंद्र दूर. ओढ अंतराच्या वर्गाने कमी होत असेल, तर चंद्राशी ती ३६०० पटींनी कमी झाली पाहिजे. सफरचंद पहिल्या सेकंदात ४.९ मीटर पडतं. त्याला ३६०० ने भागा. येतात साधारण १.३६ मिलिमीटर. आता चंद्राकडे बघा. तो सरळ रेषेत निघून गेला असता, पण प्रत्येक सेकंदाला त्या रेषेपासून पृथ्वीकडे किती वळतो? साधारण १.३६ मिलिमीटरच. म्हणजे चंद्र पडतोच आहे, सतत. पुढेही जातोय म्हणून जमिनीवर आदळत नाही, एवढंच.

झाडावरचं फळ आणि आकाशातला चंद्र एकाच नियमाने बांधलेत, हे किती धाडसाचं म्हणणं होतं विचार करा. त्याआधी स्वर्गाचे नियम वेगळे आणि मातीचे वेगळे अशीच युरोपची जुनी समजूत होती. विनोदाने सफरचंद ठेवलं, डोक्यावरचं टेंगूळ स्वतःचं जोडलं आणि चंद्र टाकून दिला.

दुसरं उदाहरण, आइन्स्टाईनची प्रसिद्धी.

२९ मे १९१९ च्या खग्रास सूर्यग्रहणात इंग्रज खगोलशास्त्रज्ञांनी ब्राझीलमधलं सोब्राल आणि आफ्रिकेजवळचं प्रिन्सिपे बेट इथून फोटो काढले. सूर्याजवळून येणारा ताऱ्यांचा प्रकाश वाकतो का आणि किती, हे मोजायचं होतं. आइन्स्टाईनचा आकडा होता १.७५ आर्कसेकंद, न्यूटनच्या हिशेबाने त्याच्या निम्मा. ६ नोव्हेंबरला लंडनच्या सभेत निकाल जाहीर झाला, आइन्स्टाईनच्या बाजूने. दुसऱ्या दिवशी ‘द टाइम्स’ने क्रांती झाल्याची बातमी दिली. त्यानंतर न्यूयॉर्क टाइम्सने जे छापलं, त्यात हा सिद्धांत जगात जेमतेम बारा माणसांना कळेल अशा अर्थाचा मजकूर होता.

हा ‘बारा माणसांचा’ विनोद मग जगभर पसरला. व्यंगचित्रं आली, विडंबनं आली. त्यातून लोकांना एक सोय झाली: न कळणं हीच फॅशन झाली. ‘आपल्याला बुवा ते काही कळत नाही’ असं हसत म्हणायला आता कोणालाच संकोच उरला नाही. ज्यांना कळत नाही हे म्हणायचं नव्हतं, त्यांनी दुसरं वाक्य उचललं: सगळं सापेक्ष असतं.

हे वाक्य आपल्याकडे नाक्यावरच्या टपरीपासून साहित्य संमेलनाच्या परिसंवादापर्यंत ऐकू येतं. वाद अडला की कोणीतरी म्हणतंच, ‘अहो, आइन्स्टाईननेच सांगितलंय ना, सगळं सापेक्ष आहे.’ १९०५ चा सिद्धांत उभा आहे तो नेमका दोन न बदलणाऱ्या गोष्टींवर. एकसारख्या वेगाने जाणाऱ्या प्रत्येकाला निसर्गाचे नियम सारखेच. आणि प्रकाशाचा वेग, सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर, मोजणारा कितीही वेगात असो, तेवढाच. हे दोन खुंटे हलत नाहीत म्हणून घड्याळांना आणि लांबीला हलावं लागतं. ‘ज्याचं त्याचं खरं’ असं आइन्स्टाईनने कुठेही म्हटलेलं नाही.

यातलं घड्याळाचं प्रकरण तर रोज आपल्या खिशात असतं. जीपीएसच्या उपग्रहांतली घड्याळं जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. वेगामुळे ७ मागे, गुरुत्वाकर्षण कमी असल्यामुळे ४५ पुढे. हे दुरुस्त केलं नाही तर चूक साचत जाऊन एका दिवसात ती सुमारे दहा किलोमीटरची होईल. जेवण घेऊन येणारा पोरगा बरोबर तुमच्या दाराशी येतो, त्यात या हिशेबाचा वाटा आहे.

तिसरं उदाहरण माझ्या सगळ्यात आवडीचं आणि सगळ्यात वाईट पद्धतीने वापरलं गेलेलं: श्रोडिंगरची मांजर.

ही मांजर तुम्ही टी-शर्टवर पाहिली असेल. पेटीत मांजर, उघडून बघेपर्यंत ती जिवंतही आणि मेलेलीही. मग त्यावर विनोद: निकाल लागेपर्यंत मी पासही आणि नापासही. घरचं लाइट बिल न उघडता ठेवलंय, तोवर ते कमीही आहे आणि जास्तही. २००७ ते २०१९ चाललेल्या ‘द बिग बँग थिअरी’ या अमेरिकी मालिकेत पहिल्याच पर्वाच्या शेवटी शेल्डन हीच मांजर एका होऊ घातलेल्या डेटवर लावतो. त्या मालिकेला डेव्हिड सॉल्टझबर्ग हे खरेखुरे भौतिकशास्त्रज्ञ सल्लागार होते. फळ्यावरची समीकरणं बरोबर असायची. पण फळा न वाचताही हसता यायचं.

मूळ काय होतं? १९३५ साल. हिटलर सत्तेवर आल्यावर श्रोडिंगर बर्लिन सोडून ऑक्सफर्डला गेला होता, आइन्स्टाईन अमेरिकेत. दोघांचीही नव्या क्वांटम सिद्धांताच्या प्रचलित अर्थावर नाराजी होती. समीकरणं उत्तरं बरोबर देतात, पण ती जगाचं पूर्ण चित्र देतात का, यावर त्यांची पत्रापत्री चालली होती. ऑगस्टमध्ये आइन्स्टाईनने बंदुकीच्या दारूचं उदाहरण लिहून पाठवलं: सिद्धांताचं वर्णन शब्दशः घेतलं तर काही काळाने दारू फुटलेली आणि न फुटलेली यांचं मिश्रण झाली पाहिजे. श्रोडिंगरने त्याच महिन्यात मांजर कळवली. वर्षाअखेरीस ती एका जर्मन विज्ञानसाप्ताहिकात छापून आली. त्या साप्ताहिकाचे संस्थापक-संपादक आर्नोल्ड बेर्लिनर यांना मधल्या काळात ज्यू म्हणून पदावरून काढलं होतं. पुढे १९४२ मध्ये हद्दपारी समोर दिसत असताना त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. अशा दिवसांत ही मांजर जन्मली आहे.

श्रोडिंगरने ती मांडली चेष्टा म्हणून. पेटीत थोडासा किरणोत्सारी पदार्थ. तासाभरात त्यातला एखादा अणू फुटेल किंवा फुटणार नाही, शक्यता सारखीच. फुटला तर हातोडी पडते, विषाची बाटली फुटते, मांजर मरते. तुमचं समीकरण पूर्ण सत्य मानलं तर तासाभराने जिवंत आणि मेलेली मांजर एकमेकांत मिसळलेली मानावी लागेल, आणि हे हास्यास्पद आहे, असा त्याचा रोख. पुणेरी पाटीवरचा उपरोध कोणी शब्दशः खरा मानावा आणि पाटी लावणाऱ्याच्या नावावर खपवावा, तसं झालं त्याचं. ज्या कल्पनेची त्याने टर उडवली, तीच आज त्याचा शोध म्हणून छातीवर मिरवली जाते.

नुकसान नुसतं श्रोडिंगरचं झालं असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. निकालाचा विनोद पुन्हा बघा. गुणपत्रिका बंद पाकिटात असली तरी गुण छापून झालेले असतात. माहीत नाही ते फक्त आपल्याला. मग क्वांटमचंही तसंच असेल का? उत्तर आधीच ठरलेलं, फक्त झाकलेलं? हा प्रश्न खराखुरा होता. १९६४ मध्ये जॉन बेलने तो तपासायची रीत काढली. दूर ठेवलेल्या दोन कणांची उत्तरं आधीच ठरलेली असतील आणि ते प्रकाशापेक्षा वेगाने एकमेकांना काही कळवत नसतील, तर त्यांच्या उत्तरांचा मेळ एका मर्यादेपलीकडे जाऊ शकत नाही. प्रयोग झाले. मर्यादा ओलांडली गेली. जॉन क्लाउझर, अ‍ॅलां आस्पे आणि अँटोन त्सायलिंगर यांना २०२२ चं नोबेल यासाठी मिळालं. बंद पाकिटाची उपमा इथे चालत नाही, हे निसर्गानेच सांगितलं. आणि आपला विनोद अजून पाकिटावरच उभा आहे.

मग मांजर कधी तशी दिसत का नाही? कारण मांजरीवर हवेचे असंख्य रेणू सतत आदळत असतात, तिच्यातून उष्णता बाहेर जात असते. या धक्क्यांत तो नाजूक मिश्रपणा डोळ्यांचं पातं लवायच्या कितीतरी आधी विरतो. अनेक शक्यतांतून शेवटी एकच का घडते, यावर अभ्यासकांचे मतभेद आजही आहेत. विनोदापेक्षा खरी गोष्ट जास्त रंगतदार आहे, हे माझं रडगाणं आहे.

आता गल्लीत येतो.

मागे आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये एक आरोग्य शिबिर झालं. पांढरा कोट, लॅपटॉप आणि वायरला जोडलेली धातूची दांडी. दांडी मिनिटभर हातात धरायची, की यकृत, मूत्रपिंड, हाडं, सगळ्यांचा रिपोर्ट छापून मिळणार. यंत्राच्या नावात ‘क्वांटम’ही होतं आणि ‘मॅग्नेटिक रेझोनन्स’ही. आमची मामी गेली होती. घरी येऊन मला कौतुकाने म्हणाली, ‘अरे, तुझ्याच विषयातलं आहे ना ते, क्वांटम? तू सारखे त्या मांजरीचे जोक पाठवतोस ना ग्रुपवर!’ रिपोर्टमध्ये स्वादुपिंड नॉर्मल होतं. तिने शुगरची तपासणी पुढे ढकलली, गोळी अर्धी केली. कोणाला सांगितलं नाही. तीन महिन्यांनी डॉक्टरांकडे नेलं तेव्हा एचबीए१सी नऊच्या वर गेलं होतं.

मामी अडाणी नाही. बँकेत तीस वर्षं नोकरी केली, हिशेबात तिला कोणी फसवू शकत नाही. लिंबू-मिरचीवाला बुवा दारात आला तर ती त्याला उभा करणार नाही. ‘क्वांटम’ हा शब्द मात्र तिच्या ओळखीचा होता, घरच्या ग्रुपवर येणारा, हसवणारा. ओळखीच्या माणसाला आपण ओळखपत्र विचारत नाही, शब्दालाही विचारत नाही.

दांडी हातात धरून फार तर त्वचेतून जाणारी वीज मोजता येईल. तिच्यातून स्वादुपिंडाची खबर मिळत नाही. खरं मॅग्नेटिक रेझोनन्स हॉस्पिटलच्या एमआरआयमध्ये असतं आणि ते खरोखर क्वांटम आहे: शरीरातल्या हायड्रोजनच्या अणुकेंद्रांचं स्पिन त्यात वापरतात. पण त्यासाठी साधारण दीड टेस्लाचं चुंबक लागतं, पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पट. ते थंड ठेवायला द्रवरूप हेलियम लागतो. ते लॅपटॉपच्या बॅगेतून येत नाही. एवढी एक गोष्ट माहीत असती तर मामीने त्या कोटवाल्याला दोन प्रश्न विचारले असते.

यातून सार्वजनिक पैसाही सुटत नाही. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने राष्ट्रीय क्वांटम मिशनला ६००३.६५ कोटी रुपये मंजूर केले, २०३०-३१ पर्यंतसाठी. चार केंद्रांपैकी सेन्सिंगचं केंद्र मुंबईच्या आयआयटीत आहे. काम गरजेचं आहे, माझा त्याला पाठिंबा आहे. पण या पैशाचं काय झालं हे उद्या विचारायचं कोणी? ज्यांना क्वांटम म्हणजे मांजर एवढंच माहीत, ते खरा निकाल आणि नुसती जाहिरात यांत फरक कसा करणार? संविधानाच्या कलम ५१(क) मध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन हे नागरिकाचं कर्तव्य म्हणून १९७६ मध्येच लिहिलं गेलंय. पाठांतर कर्तव्यात नाही, चौकशी आहे.

विनोद बंद करा असं मी म्हणत नाही. उलट, प्रश्न धरून ठेवणारे विनोदही झालेत. १९९६ मध्ये अ‍ॅलन सोकल या भौतिकशास्त्रज्ञाने क्वांटम गुरुत्वाकर्षणावर मुद्दाम निरर्थक, भारदस्त शब्दांनी भरलेला लेख लिहिला आणि एका नावाजलेल्या वैचारिक नियतकालिकाने तो छापला. मग त्याने स्वतःच फोड केली. शब्दांनी दिपून जाणारे फक्त भोळेभाबडे नसतात, हे त्या थट्टेने दाखवलं. १९९८ चं भौतिकशास्त्राचं इग नोबेल हे चेष्टेचं पारितोषिक दीपक चोप्रांना क्वांटम भौतिकीच्या त्यांच्या ‘अनोख्या’ अर्थासाठी दिलं गेलं. हसू त्यातही आहे, पण ते नेमकं बोट ठेवतं.

आणि आपल्या महाराष्ट्रातलंच उदाहरण घ्या. ज्योतिषांवर विनोद आपण पिढ्यान्‌पिढ्या करतोय, ज्योतिषांचं काही बिघडलं नाही. जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर, सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे यांनी विनोदावर भागवलं नाही. त्यांनी दोनशे मुलांच्या जन्मवेळा घेतल्या, शंभर हुशार आणि शंभर मतिमंद. ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस कुंडल्या दिल्या आणि विचारलं, कोणती कोणाची ते सांगा. सत्तावीस जणांची उत्तरं आली. सरासरी ४६ टक्के बरोबर. नाणं उडवलं तरी पन्नासच्या आसपास येतात. २००९ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये ते प्रसिद्ध झालं. ही पद्धत कोणालाही कळते, तिच्यासाठी मोठं गणित लागत नाही: काय मोजलं, कसं मोजलं, दुसऱ्याने मोजलं तर तेच येतं का.

दांडीवाल्या यंत्रालाही हेच तीन प्रश्न पुरले असते.

तेव्हा मांजरीचा जोक पाठवायचा असेल तर जरूर पाठवा. फक्त खाली एक ओळ टाका, की श्रोडिंगर हे चेष्टेने म्हणाला होता. आणि घरातल्या पोराने नारळाचा जोक केला की हसून झाल्यावर त्याला विचारा, नारळ पडतो तर मग चंद्र का पडत नाही? थोडा वेळ जाऊ द्या. मग त्याला सांगा, पडतोय रे, सेकंदाला सव्वा-दीड मिलिमीटर. कागद-पेन्सिल दोघं मिळून घ्या. चार ओळींचा हिशेब आहे.